हलणारं चित्र उतरवून घ्या

अकरावीतल्या एका मुलीला मी संगणकाच्या पडद्यावरचं हलणारं चित्र वहीत काढायला लावलं.

चित्र लाटेचं होतं. ठिपक्यांची एक रांग, त्यातला प्रत्येक ठिपका जागच्या जागी वर-खाली, आणि लाट मात्र डावीकडून उजवीकडे निघालेली. मुलगी पेन्सिल टेकवायची तोवर लाट पुढे सरकलेली असायची. ती खोडायची, पुन्हा काढायची. मी मागे उभा राहून म्हणत होतो, "अगं, भरभर काढ ना, बघत काय बसलीस?" नुसतं बघत बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी माझी त्या काळी प्रामाणिक समजूत होती. फळ्यावरचं जसं पुसायच्या आत वहीत यायला हवं, तसंच हेही. ते चित्र थांबवता येतं हे मला ठाऊक नव्हतं. थांबवलं तर त्यात शिकण्यासारखं काही उरत नाही, हे तर अजिबातच ठाऊक नव्हतं.

ही दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. मी अंबरनाथच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि राहायला बदलापुरात, खरवईकडच्या एका नव्या इमारतीत होतो, जिथे लिफ्टसाठी जागा होती आणि लिफ्ट नव्हती. सकाळी शाळा, दुपारी सरकारला जे काही मोजून हवं असेल ते मोजायचं, संध्याकाळी घरी दहावीचा क्लास. इतकी वर्षं शिकवून झालं होतं की वर्गात मी स्वतःचं बोलणं ऐकतही नसे. ओहमचा नियम तोंडातून आपसूक बाहेर पडायचा आणि तेवढ्यात माझं मन बाजारात जाऊन मेथी बघून यायचं. मुलं खाली मान घालून लिहीत असायची. त्यांचंही मन मेथी नाही तर आणखी काही बघून येत असणार. दोन्ही बाजूंनी तक्रार नव्हती.

ही मुलगी त्यातली नव्हती. ती प्रश्न विचारायची. एकदा विचारून समाधान झालं नाही तर पुन्हा विचारायची, आणि तेव्हा मात्र माझ्या मेथीच्या विचारात व्यत्यय यायचा. दहावीला तिला चांगले गुण पडले. तिचे वडील एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला होते. निकालानंतर ते मुद्दाम मला भेटायला आले होते.

"सर, सायन्सला घालू का आर्ट्सला?"

"विचारताय काय? सायन्सलाच घाला."

"पण ते सगळं इंग्लिशमध्ये असतं ना?"

"भाषेचं काय घेऊन बसलात!" मी म्हटलं. "दोन महिन्यांत येते."

माझी स्वतःची तीस वर्षं त्या भाषेच्या दारात उभं राहण्यात गेली होती आणि आतून कुणी या म्हटलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या मुलीच्या बाबतीत मला दोन महिने पुरेसे वाटले.

दिवाळीच्या सुट्टीत ते पुन्हा आले, या वेळी बदलापूरला घरी. जिने चढून दम लागला होता. सोबत मुलगी. ती दारातच चपला काढून तिथेच उभी राहिली.

"जय भीम, सर."

"जय भीम. या, बसा."

ते खुर्चीच्या कडेवर बसले. नखांत निळा रंग होता. तो साबणाने जात नाही, असं त्यांनी मागे एकदा सांगितलं होतं. पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरगी सहामाहीत फिजिक्समध्ये गेली. बाकीचं पण काय बरं नाही. तुम्ही बोललात म्हणून घातली सायन्सला."

हे ते ओरडून बोलले असते तर बरं झालं असतं. मी मुलीकडे वळलो. "त्वरण म्हणजे काय गं?"

"वेगातील बदलाचा दर," ती चटकन म्हणाली.

"आणि अॅक्सिलरेशन?"

तिने वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "ते कॉलेजचे सर बोर्डावर लिहितात."

वडिलांना यातलं काय कळलं माहीत नाही, पण ते खाली बघायला लागले. "आमच्या कंपनीत लॅबला एक खिडकी आहे, सर," ते म्हणाले. "मालाचं सॅम्पल मी रोज त्या खिडकीतून आत देतो. आत दोन मुली बसतात, बी.एस्सी. झालेल्या. त्या बाटली घेतात, सही करतात. मला वाटायचं..." त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. "जाऊ दे. तिची आई म्हणते आत्ताच काढा, पोरगी रोज जेवताना रडते. मी बोललो, वार्षिकपर्यंत बघू. तेव्हा पण गेली तर आर्ट्सला नाव घालू. मग नाय रडणार."

मुलगी दारातूनच म्हणाली, "मला नाही जायचं आर्ट्सला." एवढंच. कुणी तिला विचारलेलं नव्हतं.

मी म्हटलं, मी बघतो. हे माझं आवडतं वाक्य. पुढे काय बघायचं ते नंतर ठरतं.

पहिले काही रविवार मी तिला घरीच शिकवलं. म्हणजे अकरावीचं पुस्तक उघडून दोघं त्याच्याकडे बघायचो. शिकवायचं मराठीत आणि पेपर इंग्रजीत, त्यामुळे माझ्या शिकवण्याचा तिला उपयोग व्हायचा तो समाधानापुरता. मी थकून जायचो. तिला तेच तिसऱ्यांदा सांगावं लागलं की माझा आवाज चढायचा. मग ती "कळलं, सर" म्हणायची आणि आम्ही पुढचं पान उलटायचो.

त्या वेळी आमच्या स्टाफरूममध्ये उठता-बसता इंटरनेटचं नाव निघत होतं. "नेटवर सगळं मिळतं हो," इतिहासाचे सर सांगायचे. त्यांचा अनुभव दहावीच्या प्रकल्पांपुरता होता आणि माझाही. त्या वर्षी मुलांनी प्रदूषणावर प्रकल्प आणले ते सगळे एकाच सायबर कॅफेतून छापून आणलेले. तोच धूर सोडणारा कारखाना, तेच मेलेले मासे, आणि शेवटच्या ओळीत प्रत्येकाच्या प्रकल्पात तोच अर्धवट तुटलेला शब्द. कारखाना परदेशातला होता. आमच्या वर्गाच्या खिडकीतून खरेखुरे कारखाने दिसायचे, खऱ्या धुरासकट, पण तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. मी मुखपृष्ठ बघून गुण दिले. ज्याने चमकी लावली त्याला एक जास्त.

तरी म्हटलं, जिथे मासे मिळतात तिथे फिजिक्सही मिळत असेल. मुलीचं कॉलेज उल्हासनगरला होतं. त्याच्या मागच्या गल्लीत, कपड्यांच्या दुकानांच्या ओळीत एक सायबर कॅफे होता. दुपारी शाळा सुटल्यावर मी अंबरनाथहून शेअर रिक्षाने तिथे जायचं आणि ती कॉलेजातून यायची, असं ठरलं.

कॅफे एक सिंधी बाई चालवायच्या. सगळे त्यांना आंटी म्हणायचे, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा. आत प्लायवूडचे कप्पे होते आणि प्रत्येकाला पडदा. मी पहिल्याच दिवशी दारात उभं राहून घसा खाकरून सांगितलं की मी शिक्षक आहे, ही माझी विद्यार्थिनी, आणि आम्हाला अगदी दाराजवळचं मशीन हवं, पडद्याविना. आंटींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मास्टरजी, इधर सब पढ़ाई के लिए ही आते हैं," त्या म्हणाल्या, "बस पढ़ता कोई नहीं." आणि त्यांनी दाराजवळच्या कप्प्याचा पडदा काढूनच टाकला.

शोधायचं कसं, ते मला जमेल अशी माझी खात्री होती. पडद्यावर मधोमध एक पांढरा चौकोन होता. मी खुर्ची पुढे ओढली आणि दोन बोटांनी टंकायला लागलो. 'रिस्पेक्टेड सर' असं लिहून, स्वल्पविराम देऊन, लाटांबद्दलची माहिती अकरावीच्या विद्यार्थिनीसाठी मिळावी अशी विनंती मी इंग्रजीत केली आणि शेवटी आभार मानले. आयुष्यभर अर्जच लिहिलेल्या माणसाने आणखी काय लिहायचं? मुलगी माझ्या शेजारी तोंडावर ओढणी धरून बसली होती. मला वाटलं, एसीची हवा लागतेय.

आंटी मागून आल्या. "अरे साईं, ये किसको चिट्ठी लिख रहे हो?" त्यांनी सगळं पुसलं, एकच शब्द लिहिला आणि पडद्यावर लाटाच लाटा आल्या.

तर ती हलणारी लाट तिथली. मी ती वहीत काढायला लावली. शिवाय सांगितलं की चित्राभोवती जे जे लिहिलंय ते सगळं उतरवून घे, सुटता कामा नये. 'उतरवून घ्या' हे वाक्य मी वर्गात किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. मुलगी माझ्याच हाताखाली घडलेली. तिने खरोखर सगळं उतरवलं. पडद्याच्या उजव्या बाजूला एका महिन्यात वजन कमी करण्याची जाहिरात होती, तीही सुवाच्य अक्षरात उतरवली, खाली पट्टीने रेघ मारून. मी ती वही तपासली, आणि जाहिरातीखाली 'छान' असं लिहून सही केली.

पुढचे किती तरी आठवडे हेच चाललं. मी शोधायचो म्हणजे आंटी शोधून द्यायच्या, मुलगी उतरवून घ्यायची, मी मागे उभा. कुठे कुठे एखादा मास्तर फळ्यासमोर उभा राहून शिकवतानाची चित्रफीत मिळायची. बराच वेळ एक गोल फिरत राहायचा, मग मास्तर अर्धं वाक्य बोलायचा आणि तोंड उघडं ठेवून गोठायचा. पुन्हा गोल. त्याचं इंग्रजी मला बिलकूल कळत नसे. मी गंभीरपणे मान हलवायचो आणि म्हणायचो, "बघ, मी सांगितलं होतं तेच सांगतोय." तो काय सांगत होता कुणास ठाऊक. मुलगी कानाला हेडफोन लावायला गेली की मी म्हणायचो, "ते राहू दे, ऐकत बसू नकोस, आधी फळ्यावरचं घे."

फेब्रुवारीत कॉलेजची चाचणी झाली. ती पुन्हा फिजिक्समध्ये गेली, आधीपेक्षाही वाईट. वह्या मात्र भरल्या होत्या. तिच्या वडिलांनी मला फोन केला. रागावले नाहीत. म्हणाले, "सर, तुम्ही दमता, ती पण दमते. मी आर्ट्सच्या सरांना विचारून ठेवलंय. एवढी वार्षिक होऊ दे." मागून रेडिओ की कुणाचं भांडण ऐकू येत होतं. मी म्हटलं, "मी बघतो." ते म्हणाले, "हां, बघा." आणि त्या 'बघा'त कसलीच आशा नव्हती.

त्याच आठवड्यात मतदार याद्यांचं काम निघालं. मी जांभूळ गावाच्या बाजूला घरं विचारत फिरत होतो. एका घरी म्हातारी म्हणाली, "मास्तर, नाव लिवून नेता, पन आमचं कोन आलंय का परत इचारायला?" तिथून निघायलाच उशीर झाला. उल्हासनगरला पोचलो तेव्हा ठरलेली वेळ केव्हाच टळली होती. मुलगी निघून गेली असेल असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर ती गेलेली असली तर बरं, असंही वाटलं. पाय दुखत होते.

ती गेली नव्हती. दाराजवळच्या मशीनसमोर बसली होती, कानाला हेडफोन. वही बंद, तिच्यावर पेन आडवं. पडद्यावर तोच फळ्यापुढचा मास्तर. तो काहीतरी बोलला की ती माउसने त्याला मागे न्यायची आणि तो पुन्हा तेच बोलायचा. पुन्हा मागे. तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. मी आंटींकडे पाहिलं.

"कब से वही एक बात सुन रही है," आंटी हळू आवाजात म्हणाल्या. "मैं बोली, बेटा, खराब हो गया क्या? बोली, नहीं आंटी, समझ रहा है."

मी मागे जाऊन उभा राहिलो. तिला कळलं नाही. मास्तराने एक दोरी हलवून दाखवली, दोरीला मधोमध लाल फीत बांधलेली. लाट फितीखालून पुढे निघून गेली, फीत जागच्या जागी वर-खाली झाली. तिने ते मागे नेलं. पुन्हा बघितलं. आणि हसली. एकटीच, तोंडावर हात न ठेवता. इतकी वर्षं शिकवताना माझ्या वर्गात कुणी त्या जागी हसलेलं मला आठवेना. दोरी मीही आणायचो पूर्वी. मग ती कपाटात राहिली, मग कपाटाची किल्ली हरवली.

मी तिच्या खांद्यापलीकडे बोट दाखवून म्हटलं, "कळलं नसेल तर मला विचार की. एकच एक परत परत काय ऐकतेस?"

तिने दचकून हेडफोन काढला. "तुम्हाला किती वेळा विचारणार, सर? तिसऱ्यांदा विचारलं की तुम्ही चिडता."

"मी? चिडतो?"

"हो." ती उलट बोलत नव्हती, उत्तर देत होती. "हा नाही चिडत. मला याचं सगळं इंग्लिश नाही कळत, पण परत परत ऐकलं की शब्द सुटे होतात. मग तो दाखवतो काय ते बघितलं की अर्थ लागतो. सर, वेव्हमध्ये पाणी पुढे जातच नाही ना? नुसतं हलणं पुढे जातं?"

"मग! मी शिकवलं होतं की."

"लिहून दिलं होतं," ती म्हणाली. मग जरा अवघडून, "सर, तुम्ही बाहेर बसाल का जरा? तुम्ही मागे उभे राहिलात की माझा हात आपोआप वहीकडे जातो."

आंटी काउंटरवर काहीतरी शोधायला खाली वाकल्या, बराच वेळ वर आल्या नाहीत.

बाहेर पायरीवर एक प्लास्टिकची खुर्ची होती. मी तिच्यात जाऊन बसलो. समोर जीन्सचे ढीग, त्यांच्यावर ओरडणारी पोरं, रिक्षा. राग यायला हवा होता, पण रागाला लागणारी ताकद त्या दिवशी मतदार याद्यांत गेली होती. खरं म्हणजे बसायला मिळालं याचंच बरं वाटलं. चिडायचं नाही, दमायचं नाही, हजार वेळा तेच विचारलं तरी त्याच उत्साहाने दोरी हलवायची. हे माणसाचं काम नव्हे, असं मी मनाशी म्हटलं. मग आठवलं की तोही माणूसच होता. फक्त त्याने ते एकदाच केलं होतं आणि तेवढ्यावर सुटला होता. मी मात्र रोज नव्याने कंटाळत होतो.

वार्षिकपर्यंत तसंच चाललं. ती आत, मी बाहेर खुर्चीत. मी गेलो नसतो तरी चाललं असतं. पण तिच्या घरी माझं नाव सांगितल्याशिवाय कॅफेत बसायला परवानगी नव्हती, म्हणून मी जायचो. अधूनमधून ती दारात यायची. "सर, डिस्प्लेसमेंट म्हणजे आपलं विस्थापन ना?" मी हो म्हणायचो. "आणि इनर्शिया?" जडत्व. एवढं ऐकून ती आत पळायची. कधी कधी मला आठवायचं नाही, मग मी म्हणायचो, "आधी तू सांग बघू," आणि ती सांगायची. बाकी वेळ मी डोळे मिटून शिक्षणाच्या भवितव्याचा विचार करत बसायचो. एकदा आंटींनी आपणहून चहा आणून दिला आणि विचारलं, "मास्टरजी, आपके टाइम में ये सब नहीं था ना?" मी म्हटलं, नव्हतं. त्या म्हणाल्या, "फिर भी आप मास्टर बन गए," आणि आत गेल्या. ही दाद होती की आश्चर्य, त्याचा मी पुढे बरेच दिवस विचार केला.

वार्षिकचा निकाल लागला तेव्हा आम्ही शाळेच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत होतो. उन्हाने पत्रे तापलेले, पंखा फिरतोय इतकंच. तिचे वडील दारात येऊन उभे राहिले, मागे ती. सोबत पेढ्यांचा पुडा.

"निघाली, सर," ते म्हणाले. "फार नाय, काठावर. पण फिजिक्समध्ये निघाली. बारावीला सायन्सच."

मी उठलो. मुलगी पाया पडायला वाकली, मी नेहमीसारखं राहू दे, राहू दे म्हटलं आणि पाय जरा पुढे केले. सगळे सहकारी लाल पेनं खाली ठेवून बघत होते. इतिहासाचे सर खुर्ची वळवून बसले.

"सर, तुम्ही होतात म्हणून," तिचे वडील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दिवसभर शाळा करून तिकडं उल्हासनगरला जाऊन बसायचात. कोण करतं हो आजकाल एवढं?"

मी मान खाली घातली. आवाजात योग्य तेवढी नम्रता आणून म्हटलं, "अहो, कष्ट कसले त्यात? कर्तव्यच आहे ते."

"काय कष्ट, पप्पा," मुलगी पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडवत म्हणाली, "सर बाहेर खुर्चीत झोपायचे. घोरायला लागले की मला आवाज वाढवायला लागायचा."